मुलींसाठी कायदा कडक करायचा म्हणजे नेमकं कुठे हात घालायचा? आफ्रिकेतल्या देशांचा अनुभव

प्रश्न असा आहे: आफ्रिकेतल्या अनेक देशांत बालविवाहाविरुद्ध आणि मुलींच्या खतन्याविरुद्ध (जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेविरुद्ध) कायदे आहेत, तरी दोन्ही चालू आहेत. कायदे आणखी कडक केले तर मुलींना संरक्षण मिळेल का, आणि मिळणार असेल तर सुरुवात कुठून करायची?

मिळेल. पण शिक्षेची वर्षं वाढवून मिळेल असं समजू नका. शिक्षा वाढवणं हे संसदेला सगळ्यात सोपं जातं. त्याला पैसे लागत नाहीत, वर्तमानपत्रात मथळा येतो आणि कोणत्याही धर्मगुरूशी किंवा टोळीप्रमुखाशी वाद घालावा लागत नाही. कायदा पोकळ होतो तो दुसरीकडे: अपवादांत, वयाच्या पुराव्यात, रूढीच्या लग्नांत, पोलीस ठाण्याच्या टेबलावर आणि सुटका झालेल्या मुलीचं पुढे काय करायचं या प्रश्नावर. कोणताही मसुदा हातात आला की या जागा आधी तपासाव्यात.

मापदंड तयारच आहे. बालकांचे हक्क व कल्याण यांविषयीची आफ्रिकी सनद 1990 साली स्वीकारली गेली आणि 1999 मध्ये लागू झाली. तिच्या दुसऱ्या कलमात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कलम 21 बालविवाहच नव्हे, लहान मुलामुलींचा साखरपुडाही निषिद्ध ठरवतं, लग्नाचं किमान वय 18 ठेवायला सांगतं आणि प्रत्येक लग्नाची अधिकृत नोंदणी सक्तीची करायला सांगतं. नोंदणीचा हा भाग चर्चेत हमखास गळतो. स्त्रियांच्या हक्कांचा मापुतो करार 2003 चा, 2005 पासून लागू; त्याचं कलम 5 खतन्यासारख्या घातक प्रथांना कायद्याने बंदी घालायला सांगतं आणि कलम 6 लग्नाच्या वयाबद्दल आहे. म्हणजे ‘18’ हा आकडा बाहेरच्यांनी लादलेला आहे, हा नेहमीचा आक्षेप कागदावर टिकत नाही. तो आफ्रिकी देशांनीच आफ्रिकी संघटनेच्या व्यासपीठावर ठरवला आहे. संसदेत किंवा न्यायालयात बाजू मांडताना हा मुद्दा पहिल्याच पानावर असावा.

आता फटी. सगळ्यात वरची फट राज्यघटनेत असू शकते, आणि ती राहिली तर खालची सगळी मेहनत वाया जाते. मलावीने 2015 मध्ये विवाह, घटस्फोट व कुटुंबसंबंध कायदा करून वय 18 केलं. पण घटनेचं कलम 22 पालकांच्या संमतीने 15 ते 18 वयात लग्नाला मुभा देत होतं. घटना कायद्याच्या वर, त्यामुळे ज्याला मुलीचं लग्न लावायचंच आहे त्याला वाट उघडीच होती. 2017 मध्ये घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती बंद झाली. नायजेरियाच्या घटनेत अशीच एक ओळ कलम 29 मध्ये आहे. नागरिकत्व सोडण्याच्या संदर्भात तिथे ‘विवाहित स्त्री सज्ञान समजावी’ असं म्हटलं आहे. विषय नागरिकत्वाचा, पण बालविवाहाच्या वादात ती ओळ पुन्हा पुन्हा ढाल म्हणून पुढे केली जाते. 2013 मध्ये सिनेटमध्ये ती वगळण्याचा प्रयत्न झाला आणि फसला.

दुसरी फट, एकमेकांना छेद देणारे कायदे. सिएरा लिओनमध्ये 2007 च्या बालहक्क कायद्याने वय 18 ठरवलं, आणि दोनच वर्षांनी आलेल्या रूढीविवाहाच्या कायद्याने पालकांच्या संमतीने त्याखाली लग्न करायला वाट ठेवली. खेड्यातली लग्नं जवळपास सगळी रूढीनेच होतात, तेव्हा व्यवहारात कोणता कायदा चालला हे सांगायला नको. हा विरोध मिटायला 2024 चा बालविवाह प्रतिबंध कायदा यावा लागला. आपल्याकडच्या कायद्यांत ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी सुरुवात असते, तसं वाक्य इथे हवंच, आणि त्यात रूढी व धर्मविधी हे शब्द स्पष्ट हवेत. मसुद्याच्या शेवटी रद्द होणाऱ्या कलमांची अनुसूची असते, ती ओळ न् ओळ वाचावी. जुना विवाह कायदा, रूढीविवाह कायदा, धार्मिक विवाहाचा कायदा, दंडसंहिता, शिक्षण नियम यांपैकी एक जरी सुटला तरी तोच पुढे बचावाचा आधार होतो.

लग्न हा शब्दही पुरत नाही. मुलगी पुरुषाच्या घरी राहायला जाते, विधी नाही, नोंद नाही, आणि विचारलं तर ‘लग्न झालंच नाही’. मोझांबिकने 2019 च्या कायद्यात ही पळवाट ओळखली आणि ‘अकाली सहवास’ हीच संकल्पना धरली: 18 खालच्या व्यक्तीबरोबर वैवाहिक स्वरूपाचं सहजीवन, मग ते नोंदवलेलं असो, रूढीचं असो की नुसतं एकत्र राहणं. त्याच वर्षीच्या कुटुंब कायद्याने 16 व्या वर्षीचा अपवादही काढला. सिएरा लिओनच्या 2024 च्या कायद्यातही सहवास धरला आहे. नवा मसुदा करणाऱ्याने व्याख्येचं कलम इथूनच उचलावं.

तिसरी फट म्हणजे खुद्द अपवाद. टांझानियाच्या 1971 च्या विवाह कायद्यात मुलगा 18 चा, मुलगी मात्र 15 ची चालते, पालकांची संमती असली की झालं; न्यायालयाच्या परवानगीने 14 सुद्धा. पालकांच्या संमतीला ‘संरक्षण’ म्हणणं मला नेहमीच विनोदी वाटत आलं आहे, कारण बालविवाह लावतात ते पालकच. इथिओपियाच्या 2000 च्या कुटुंब संहितेत वय 18 आहे, पण गंभीर कारण असेल तर न्यायमंत्री दोन वर्षांपर्यंत सूट देऊ शकतो. मालीची गोष्ट अधिक बोलकी आहे. 2009 मध्ये तिथल्या संसदेने दोघांसाठी 18 असलेली कुटुंब संहिता मंजूर केली, रस्त्यावर मोठा विरोध झाला, राष्ट्राध्यक्षांनी ती परत पाठवली आणि 2011 मध्ये जी आली तिच्यात मुलीचं वय 16 झालं, प्रशासकीय सूट घेऊन 15. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने 11 मे 2018 रोजी ही संहिता मापुतो कराराचा आणि बालकांच्या सनदेचा भंग करणारी ठरवली. निकालात वयाइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग आहे: धर्मगुरूने लावलेल्या लग्नात वधूची संमती तपासायची कोणतीच व्यवस्था नव्हती. लग्न लावणाऱ्याने दोघांचं वय आणि संमती स्वतः तपासली पाहिजे आणि न तपासल्यास त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे, हे कलम त्यामुळे अत्यावश्यक ठरतं.

अपवाद पाडायला न्यायालयात जायचं असेल तर मागणी कशी लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. झिंबाब्वेत दोन तरुणींनी अर्ज केला आणि 20 जानेवारी 2016 रोजी घटना न्यायालयाने मुलींना 16 व्या वर्षी लग्नाची मुभा देणारं कलम रद्द केलं. त्या दिवसापासून 18 खाली कोणत्याही पद्धतीने लग्न करता येणार नाही असा थेट आदेश दिला. टांझानियात त्याच वर्षी 8 जुलैला रेबेका ग्युमी यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने कलमं घटनाबाह्य ठरवली, पण दुरुस्तीसाठी सरकारला एक वर्ष दिलं. सरकार अपिलात गेलं, 23 ऑक्टोबर 2019 रोजी अपीलही फेटाळलं गेलं, आणि मुदत उलटली तरी कायद्यात दुरुस्ती झाली नाही. धडा उघड आहे: ‘सरकारने दुरुस्ती करावी’ इतकीच विनंती करू नये, दुरुस्ती होईपर्यंत कलमातलं वय 18 असं वाचलं जावं अशी पर्यायी मागणी अर्जातच घालावी. अर्थात झिंबाब्वेच्या विजयालाही मर्यादा होती. न्यायालय लग्न अवैध ठरवू शकतं, नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही. लग्न लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम 2022 च्या विवाह कायद्याने आलं, मधली सहा वर्षं अशीच गेली.

वयाच्या पुराव्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण खटले इथेच पडतात. सहारापलीकडच्या आफ्रिकेत पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांच्या जन्माची नोंदच नसते. केनियाच्या 2006 च्या लैंगिक गुन्हे कायद्यात शिक्षा वयाच्या पायऱ्यांवर ठरते: मूल 11 वर्षं किंवा त्याखालचं असेल तर जन्मठेप, 12 ते 15 असेल तर किमान 20 वर्षं, 16 ते 18 असेल तर किमान 15 वर्षं. कागदावर चोख. पण त्यामुळे वय हा गुन्ह्याचाच एक घटक बनतो, तो सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो, आणि तक्रारीत 13, डॉक्टरच्या अर्जावर 14, शाळेत 15 असं आलं की बचावाचं अर्धं काम झालं. दात किंवा मनगटाच्या क्ष-किरणावरून काढलेल्या वयात दोनेक वर्षांची चूक सहज असते. 17 की 19 या वादात ते निरुपयोगी आहे.

म्हणून कायद्यात किंवा नियमांत पुराव्याची उतरंड लिहावी. आधी जन्मदाखला, तो नसेल तर लसीकरणाचं कार्ड, बाप्तिस्म्याची नोंद, शाळेत पहिल्यांदा घातलं तेव्हाची नोंद, मग आई किंवा सुईणीची साक्ष, वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी. शंका राहिलीच तर मुलगी अल्पवयीन धरावी, हे गृहीतक थेट कलमात हवं. आणखी एक बारकावा: उशिराने केलेली जन्मनोंद. लग्नाच्या तोंडावर वय वाढवून दाखला काढला जातो. लग्नाआधीच्या, समजा, बारा महिन्यांत काढलेला दाखला एकटा पुरेसा मानू नये आणि त्याला आधीच्या एका स्वतंत्र कागदाची जोड मागावी, अशी अट घातली तर हा मार्ग बराच अरुंद होतो. जन्मनोंदणी फुकट करणं आणि प्रसूती किंवा पहिली लस होते तिथेच ती करणं हा बालविवाहाच्या कायद्याचाच भाग समजावा. तो आरोग्य खात्याचा विषय म्हणून बाजूला पडतो, तिथेच चुकतं.

आता शिक्षा. सिएरा लिओनच्या नव्या कायद्यात मुलीशी लग्न करणाऱ्याला किमान 15 वर्षं कैद किंवा जबर दंड किंवा दोन्ही, आणि लावून देणारे पालक व विधी करणारेही कक्षेत आहेत. हेतू चांगला आहे, धोका असा की तक्रार करायची म्हणजे आईला तुरुंगात पाठवायचं, हे मुलीला कळतं आणि ती गप्प बसते. दुसऱ्या टोकाला इथिओपियाची 2005 पासून लागू असलेली दंडसंहिता: खतन्याला किमान शिक्षा तीन महिने कैद किंवा 500 बिर दंड, म्हणजे दंड हा समारंभाच्या खर्चातलाच एक आकडा झाला. गांबियात 2015 पासून बंदी, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 दलासी दंड. पहिली दोषसिद्धी व्हायला 2023 उजाडलं. तीन स्त्रियांना प्रत्येकी 15,000 दलासी दंड झाला, समर्थकांनी तो भरून टाकला, आणि त्याच प्रकरणातून बंदीच उठवण्याचं विधेयक संसदेत आलं. 15 जुलै 2024 रोजी ते फेटाळलं गेलं. आठ वर्षं एकही दोषसिद्धी न होता अचानक एक झाली की असं होतं. दरवर्षी थोडे पण नियमित खटले चालणं हे एखाद्या गाजलेल्या शिक्षेपेक्षा कायद्याला जास्त टिकवतं.

मी सुचवीन ती रचना पायऱ्यांची आहे. मुलीशी लग्न करणारा प्रौढ पुरुष, पैसे घेऊन लग्न जुळवणारा आणि धंदा म्हणून कापणारी व्यक्ती यांना कैद सक्तीची. पालकांच्या बाबतीत न्यायाधीशाला सशर्त सुटका, हमीपत्र, देखरेख असे पर्याय, पण दुसऱ्यांदा तेच केलं तर नाही. विधी करणाऱ्याचा परवाना रद्द. मुलीवर कोणत्याही परिस्थितीत गुन्हा नाही, आणि तिची संमती हा बचाव नाही.

खतन्यापुरतं बोलायचं तर केनियाचा 2011 चा कायदा मसुदा म्हणून समोर ठेवावा. किमान तीन वर्षं कैद किंवा दोन लाख शिलिंगांपेक्षा कमी नाही इतका दंड, मृत्यू झाल्यास जन्मठेप, हे झालंच. खरी हुशारी आजूबाजूच्या कलमांत आहे: मदत करणं, देशाबाहेर नेऊन करून घेणं, जागा वापरू देणं, हत्यारं बाळगणं, माहीत असून न कळवणं हे वेगवेगळे गुन्हे आहेत, त्यामुळे कापण्याचा क्षण सिद्ध झाला नाही तरी खटला उभा राहतो. न कापलेल्या मुलीला किंवा तिच्याशी लग्न करणाऱ्याला हिणवणं हाही गुन्हा आहे. बाहेरच्यांना हे अतिरेकी वाटतं, पण मुलीवर येणारा दबाव नेमका त्या टोमण्यांतूनच येतो. कुरिया आणि पोकोट समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात, तेव्हा सीमेपलीकडे नेण्याचं कलम नसतं तर बाकीचा कायदा एका बसच्या तिकिटात निष्प्रभ झाला असता.

प्रथा दवाखान्यात शिरते तेव्हा आणखी अवघड होतं. इजिप्तमध्ये 2008 पासून गुन्हा असूनही कापणारे बहुतांशी डॉक्टर आहेत. 2013 मध्ये 13 वर्षांची एक मुलगी दगावली, त्या प्रकरणी जानेवारी 2015 मध्ये पहिल्यांदा एका डॉक्टरला शिक्षा झाली: मृत्यूबद्दल दोन वर्षं, खतन्याबद्दल तीन महिने. पुढे कायद्यातली शिक्षा वाढवली गेली. अशा ठिकाणी वैद्यक परिषदेने नोंदणी रद्द करणं आणि दवाखाना बंद करणं ही कलमं कैदेपेक्षा लवकर लागतात. (जाता जाता: मुंबईतल्या आणि गुजरातमधल्या दाऊदी बोहरा समाजातही ही प्रथा आहे, आणि भारतात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, दंडविधानाची आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याची सामान्य कलमं तेवढी आहेत.)

कायदा चांगला असूनही पोलीस हलत नाहीत, तेव्हा काय? केनियाच्या मेरू उच्च न्यायालयाचा 27 मे 2013 चा निकाल अशा वेळी कामाचा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या अकरा मुली आणि त्यांना आसरा देणारी संस्था पोलिसांविरुद्ध गेली. तक्रारी नोंदवल्या नाहीत, तपास केला नाही, हेच घटनेने दिलेल्या हक्कांचं उल्लंघन आहे असं न्यायालय म्हणालं आणि तपासाचा आदेश दिला. अर्ज करताना मागणी एका प्रकरणापुरती न ठेवता तपासाच्या पद्धतीबद्दल ठेवली, म्हणून तो उपयोगी ठरला. प्रत्यक्ष कामात घड्याळ लक्षात ठेवावं: एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, तातडीचं गर्भनिरोधक 120 तासांपर्यंत. त्यामुळे आधी दवाखाना, मग ठाणं, आणि पोलिसांचा अर्ज आणला नाही म्हणून उपचार नाकारता येणार नाहीत हे नियमात लिहिलेलं असावं. खतन्याचा हंगाम शाळेच्या लांब सुट्टीत येतो. न्यायालयाचा मनाई आदेश सुट्टी लागण्याआधी मिळाला पाहिजे, आणि आसरागृहात जागाही तेव्हाच लागते.

लग्न मोडल्यानंतरचा भाग बहुतेक कायद्यांत कोराच असतो. दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या विकास समुदायाच्या संसदीय मंचाने 2016 मध्ये जो नमुना कायदा केला त्याच्या नावातच ‘आधीच विवाहात असलेल्या बालकांचं संरक्षण’ आहे, ते उगाच नाही. भारतात 2006 च्या कायद्याप्रमाणे बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही. तो मुलीने अर्ज करून रद्द करायचा असतो, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. पण पोटगी आणि मुलांचं औरसत्व त्यात सांभाळलं आहे. आफ्रिकेत अनेकदा उलटं होतं. लग्न मुळातच शून्य ठरवलं जातं आणि मुलीला घर, जमीन, पोटगी काहीच मागता येत नाही. शून्य ठरवा, पण तिचे आणि मुलांचे आर्थिक हक्क वेगळ्या कलमात अबाधित ठेवा. दुसरी अडचण वधूमूल्याची, म्हणजे मुलीच्या बापाला वराकडून मिळणाऱ्या गुरांची किंवा पैशांची. गुरं घेऊन झालेली असतात, कधी विकूनही झालेली असतात. मुलगी परत आली की ती फेडायची, म्हणून बापच तिला परत पाठवतो. युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये, मिफुमी प्रकरणात, लग्न मोडताना वधूमूल्य परत मागणं घटनाबाह्य ठरवलं. अशी एक ओळ बालविवाहाच्या कायद्यात असेल तर किती मुली माघारी येऊ शकतील, याचा विचार करा. इथे टोळीप्रमुखांना बाजूला ठेवून भागत नाही. मलावीच्या देद्झा जिल्ह्यातल्या वरिष्ठ टोळीप्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी आपल्या हाताखालच्या प्रमुखांना निलंबित करण्याचा अधिकार वापरून शेकडो बालविवाह मोडले आणि मुलींना शाळेत परत पाठवलं.

एक सावधगिरी. लग्नाचं वय आणि शरीरसंबंधाच्या संमतीचं वय एकाच झटक्यात 18 केलं की सोळा-सतरा वर्षांची जोडपी गुन्हेगार ठरतात आणि मुलीचे वडील कायदा प्रेमप्रकरणाविरुद्ध वापरतात. पॉक्सोच्या खटल्यांची माहिती असलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 2013 मध्ये किशोरवयीन मुलांमधल्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमं अवैध ठरवली. जवळच्या वयाचा अपवाद संमतीच्या कायद्यात ठेवावा, लग्नाच्या कायद्यात नाही.

राहिली शाळा. सनदेचं कलम 11 शिक्षण पूर्ण होण्याआधी गरोदर राहिलेल्या मुलीला पुढे शिकायची संधी द्यायला सांगतं. सिएरा लिओनने 2015 मध्ये अशा मुलींना शाळेत येण्यास बंदी घातली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या न्यायालयाने 12 डिसेंबर 2019 रोजी ती भेदभाव ठरवली आणि मार्च 2020 मध्ये ती उठली. टांझानियाने नोव्हेंबर 2021 मध्ये बंदी उठवली ती परिपत्रकाने. अशा मुलींना काढून टाकायला जो नियम वापरला जाई, तो शिक्षण कायद्याखालचा ‘नीतिमत्तेविरुद्धच्या वर्तना’चा होता, तेव्हा दुरुस्ती त्याच नियमात व्हायला हवी. आणि त्या दुरुस्तीत पाच गोष्टी नेमक्या लिहाव्यात: सक्तीची गर्भचाचणी नाही, बाळंतपणापर्यंत वर्गात बसण्याचा हक्क, परतायला किमान किंवा कमाल कालमर्यादा नाही, त्याच शाळेत यायचं की दुसऱ्या, हे मुलीने ठरवायचं, आणि मुख्याध्यापकाने नाकारलं तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याकडे अपील, ज्याचा निर्णय परीक्षेचा अर्ज भरण्याच्या तारखेआधी लागला पाहिजे.